सिम्युलेशनमधून कोरिलेशन लेंग्थ कशी काढायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इझिंग मॉडेलचा (लॅटिसच्या प्रत्येक बिंदूवर वर किंवा खाली असा एक स्पिन, आणि शेजाऱ्यांना एकाच दिशेत राहायची ओढ) कोड चालला, मॅग्नेटायझेशनचा छान प्लॉट आला, आणि मग गाईड म्हणाले की आता कोरिलेशन लेंग्थ काढून आण. इथपर्यंत पोचलेल्यांना जे प्रश्न पडतात ते इथे एकत्र केलेत. उदाहरणं बहुतेक सगळी २डी स्क्वेअर लॅटिसवरच्या इझिंगची आहेत, मुद्दामच, कारण तिथे खरं उत्तर आधीच माहीत आहे आणि आपला आकडा बरोबर आलाय की नाही ते लगेच कळतं. सगळीकडे जे (शेजारच्या स्पिनमधली ओढ) = १, बोल्ट्झमनचा स्थिरांक १, म्हणजे बीटा = १ ÷ टी. टी म्हणजे टेम्परेचर, टीसी म्हणजे क्रिटिकल टेम्परेचर, ज्याच्या खाली स्पिन आपोआप एका दिशेला वळतात. एल म्हणजे लॅटिसची एक बाजू, आर म्हणजे दोन स्पिनमधलं अंतर, झाय म्हणजे कोरिलेशन लेंग्थ, आणि बाउंड्री पिरियॉडिक (एक कड समोरच्या कडेला जोडलेली).

झाय म्हणजे आपण नक्की काय मोजतोय?

एक स्पिन वर आहे हे कळलं तर आर अंतरावरच्या स्पिनबद्दल किती कळतं, हे जी(आर) सांगतो: दोन स्पिनच्या गुणाकाराची सरासरी. टेम्परेचर टीसीच्या वर असेल तर लांबवर हा जी(आर) एक्स्पोनेन्शियली पडतो, आणि ज्या अंतरात तो साधारण २.७ पटीने कमी होतो ते अंतर म्हणजे झाय. टीसीकडे जाऊ तसा झाय वाढत जातो आणि टीसीवर अनंत होतो. ही कल्पना कॉम्प्युटरच्या खूप आधीची आहे, ऑर्नस्टाइन आणि झर्निके यांनी १९१४ मध्ये क्रिटिकल पॉइंटजवळ द्रव दुधासारखा का दिसायला लागतो याचा विचार करताना ती मांडली. तिथे घनतेतले चढउतार प्रकाशाच्या वेव्हलेंग्थएवढ्या अंतरापर्यंत एकमेकांशी जोडलेले असतात म्हणून प्रकाश विखुरतो.

एक गोष्ट आत्ताच पक्की करून घ्या. झायच्या एकापेक्षा जास्त व्याख्या आहेत, आणि मर्यादित लॅटिसवर त्यांचे आकडे वेगवेगळे येतात. अर्ध्याहून जास्त गोंधळ इथूनच सुरू होतो.

खरं उत्तर माहीत आहे म्हणता, मग द्या की.

२डी इझिंगसाठी, टीसीच्या वर, लॅटिसच्या अक्षाच्या दिशेने:

१ ÷ झाय = −लॉग(टॅनएच(बीटा)) − २ × बीटा

लॉग म्हणजे नॅचरल लॉग. ही उजवी बाजू शून्य होते तिथे टीसी, म्हणजे २ ÷ लॉग(१ + √२) = २.२६९१८५, ऑन्सागर यांच्या १९४४ च्या सोल्युशनमधला हाच तो आकडा. आता किमती घालून बघा: टी = ३ ला झाय २.१४ येतो, २.५ ला ५.९६, २.४ ला १०.२३, २.३ ला ४२.२, आणि २.२८ ला जवळपास ११९. शेवटच्या तीन आकड्यांकडे नीट बघा, टेम्परेचर ०.१ ने खाली आणलं तर झाय चौपट झाला आणि त्यानंतर फक्त ०.०२ ने आणलं तर पुन्हा जवळजवळ तिप्पट. म्हणून "टीसीच्या जवळ" हे शब्द मोघम वापरू नका, प्रत्येक टेम्परेचरला एल ÷ झाय किती आहे ते लिहून ठेवायची सवय लावा.

माझं आग्रहाने सांगणं आहे की कुठलंही नवीन मॉडेल हातात घ्यायच्या आधी तुमचा कोड टी = २.५ ला ५.९६ आणि टी = २.४ ला १०.२३ एरर बारच्या आत देतोय का ते बघा. तो देत नसेल तर पुढचं सगळं काम वाळूवर उभं आहे.

जी(आर) चा लॉग घेतला, सरळ रेषा फिट केली, पण झाय खूपच कमी येतोय. असं का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि कारण साधं आहे. दोन बिंदूंमधला जी(आर) नुसता एक्स्पोनेन्शियल नसतो, त्याच्यासमोर एक पॉवर असते. २डी मध्ये टीसीच्या वर लांब अंतरावर तो एक्स्प(−आर ÷ झाय) भागिले √आर असा जातो, ३डी मध्ये भागिले आर. ही पॉवर सोडून दिली की तिचा उतारही फिट झायच्याच खात्यात टाकतो. टी = २.५ चं उदाहरण घ्या: खरा उतार ०.१६८ आहे, पण आर = ६ च्या आसपास √आर मुळे अजून साधारण ०.०८ त्यात मिळतो, एकूण ०.२५ च्या घरात जातो, आणि तुम्ही खुशीत झाय = ४ लिहून मोकळे होता. खरा ५.९६. म्हणजे एक तृतीयांश कमी, आणि फिट दिसायला अगदी सुंदर, आर-स्क्वेअर ०.९९ वगैरे. त्या आर-स्क्वेअरवर अजिबात जाऊ नका.

फिटमध्ये √आर घातला तर सुधारतं. पण त्याहून चांगला रस्ता पुढच्या उत्तरात आहे.

मग पॉवरची कटकट टाळायची कशी?

अख्ख्या रांगेची बेरीज घ्या. वाय दिशेतले सगळे स्पिन मिळवून प्रत्येक एक्ससाठी एकच आकडा करा, त्याला रांगेचा स्पिन म्हणू, आणि मग रांगारांगांमधला कोरिलेशन मोजा. असं केल्यावर समोरची पॉवर निघून जाते आणि उरतो स्वच्छ एक्स्पोनेन्शियल. पिरियॉडिक बाउंड्रीमुळे कोरिलेशन डावीकडून आणि उजवीकडून दोन्हीकडून फिरून येतो, म्हणून आकार कॉशचा होतो: कॉश((आर − एल ÷ २) ÷ झाय). ३डी मध्ये रांगेऐवजी पूर्ण प्रतल मिळवायचं, बाकी तेच.

मग फिटसुद्धा करायची गरज नाही. शेजारशेजारचे तीन आकडे घ्या:

कॉश(१ ÷ झाय) = (जी(आर − १) + जी(आर + १)) ÷ (२ × जी(आर))

यावरून प्रत्येक आरला एक झाय मिळतो, तो आरच्या विरुद्ध प्लॉट करा. सुरुवातीला थोडा हलेल, मग एक पठार दिसेल, आणि लांब गेल्यावर नॉइजमध्ये वेडावाकडा होईल. पठारावरचा आकडा तुमचा. लॅटिस गेज थिअरीवाले कणांची वस्तुमानं अशीच काढतात, त्यांच्या भाषेत हे इफेक्टिव्ह मास, आणि त्याचा व्यस्त म्हणजे आपला झाय. २डी इझिंगमध्ये टीसीच्या वर हे पठार फार लवकर सुरू होतं कारण पुढची पायरी तिप्पट वेगाने मरते, त्यामुळे शिकायला ही जागा उत्तम.

नॉइजचं असं आहे की जी(आर) ची एरर अंतराबरोबर फारशी कमी होत नाही पण जी(आर) स्वतः मात्र झपाट्याने पडतो, त्यामुळे तीन-चार झायच्या पुढे साध्या मोजमापात काही उरत नाही. विंडो साधारण एक झाय ते तीन झाय ठेवा, आणि ती थोडी पुढेमागे सरकवून उत्तर हलतंय का बघा. हलत असेल तर ते हलणं एररमध्ये धरायचं.

सेकंड मोमेंट झाय हा काय प्रकार आहे? पेपरमध्ये सगळे तोच वापरतात.

कारण तो काढायला फिट लागत नाही, विंडो लागत नाही, दोन आकडे लागतात. प्रत्येक मोजमापाला सगळ्या स्पिनची बेरीज करा, तिचा वर्ग म्हणजे एस०. मग प्रत्येक स्पिनला कॉस(२π × एक्स ÷ एल) ने गुणून बेरीज करा, साइनने गुणून वेगळी बेरीज करा, दोघांचे वर्ग मिळवा, तो एस१. हेच वाय दिशेने करून दोन्हीची सरासरी घ्या, फुकटात स्टॅटिस्टिक्स सुधारतं. शेवटी पूर्ण रनची सरासरी घेऊन:

झाय = √(सरासरी एस० ÷ सरासरी एस१ − १) ÷ (२ × साइन(π ÷ एल))

यामागे गृहीत एवढंच की लहान वेव्हव्हेक्टरला स्ट्रक्चर फॅक्टरचा (म्हणजे जी(आर) च्या फुरिये ट्रान्सफॉर्मचा) व्यस्त वेव्हव्हेक्टरच्या वर्गाबरोबर सरळ रेषेत जातो, तेच ऑर्नस्टाइन-झर्निकेचं रूप, न्यूट्रॉन स्कॅटरिंगवाले पण डेटा असाच वाचतात.

आता आकडा घालून बघू. टी = २.५, एल = ६४. खाली २ × साइन(π ÷ ६४) = ०.०९८१, झाय ५.९६ असेल तर एस० ÷ एस१ यायला हवं १.३४. तुमच्या रनमध्ये १.३४ च्या आसपास येतंय? मस्त. आता त्याच ६४ च्या लॅटिसवर टी = ३ ला जा. झाय २.१४, गुणोत्तर यायला हवं १.०४४. इथे गंमत बघा, गुणोत्तरात नुसती एक टक्का चूक असेल तर १ वजा केल्यावर उरलेल्या ०.०४४ मध्ये ती जवळपास २४ टक्के होते आणि झायमध्ये १२ टक्के. म्हणजे या पद्धतीत लॅटिस गरजेपेक्षा फार मोठा घेतला तरी त्रास होतो! लोक एल वाढवत राहतात, एरर बार पण वाढत राहतो, आणि कोड चुकलाय असं वाटतं. कोड बरोबर असतो, एल ÷ झाय ३० असतं. अशा ठिकाणी रांगांच्या बेरजेची पद्धत घ्या, किंवा लॅटिस लहान करा.

रांगांवरून काढलेला झाय आणि सेकंड मोमेंटवाला झाय जुळायला हवेत का?

टीसीच्या वर, मोठ्या लॅटिसवर, इझिंगमध्ये ते इतके जवळ असतात की फरक एक टक्क्याच्याही बराच आत असतो, तुमच्या एरर बारमध्ये बुडून जाईल. टीसीच्या खाली मात्र फरक ठळक दिसतो. आणि एल ÷ झाय लहान असेल तर दोघेही चुकतात पण वेगवेगळ्या प्रकारे चुकतात, त्यामुळे दोन्ही काढून शेजारी ठेवणं ही चांगली तपासणी आहे.

लॅटिस किती मोठा हवा?

एल किमान ६ झाय, शक्य असेल तर ८ ते १०. टी = २.४ ला १२८ निवांत पुरतो. टी = २.३ ला झाय ४२ आहे, म्हणजे २५६ ही खालची हद्द झाली, तिथे ६४ चा लॅटिस घेऊन बसलात तर जो आकडा येईल तो टेम्परेचरपेक्षा लॅटिसबद्दलच जास्त सांगेल. खात्री करायची पद्धत एकच, एल दुप्पट करून परत चालवा आणि उत्तर एरर बारच्या आत राहतंय का बघा.

टीसीवर झाय अनंत असतो ना? मला ६४ च्या लॅटिसवर ५८ आला.

बरोबर आलाय! १२८ घ्या, ११६ येईल. टीसीवर सिस्टिमला एल सोडून दुसरं कुठलं अंतर माहीतच नसतं, म्हणून सेकंड मोमेंट झाय एलच्या प्रमाणात वाढतो, आणि तो प्रमाणांक २डी इझिंगला चौकोनी पिरियॉडिक लॅटिसवर ०.९०५ आहे. ३डी इझिंगला क्यूबवर ०.६४३. हे आकडे युनिव्हर्सल आहेत, म्हणजे लॅटिसचे बारकावे बदलले तरी तेच राहतात, फक्त डब्याचा आकार आणि बाउंड्री तीच पाहिजे.

ही गोष्ट नुसती कुतूहलाची नाही, कामाची आहे. ज्या मॉडेलचा टीसी माहीत नाही तिथे तीन-चार वेगवेगळ्या एलसाठी झाय ÷ एल टेम्परेचरविरुद्ध काढा, सगळ्या रेषा एका बिंदूजवळ एकमेकींना छेदतील, तोच टीसी. बाइंडर क्युम्युलंटनेही (मॅग्नेटायझेशनच्या चौथ्या आणि दुसऱ्या घाताच्या सरासऱ्यांवरून काढलेला आकडा) हेच करतात. लहान लॅटिसच्या जोड्यांचे छेद थोडे सरकलेले असतात, म्हणून (१६, ३२), (३२, ६४), (६४, १२८) असे जोड्यांचे छेद काढून ते कुठे चाललेत ते बघायचं. ३डी इझिंगला टी = ४.५१ च्या शेजारी शोधा, तिथे टीसी ४.५११५ आहे.

फक्त एक करू नका: त्या ५८ ला "टीसीवरची कोरिलेशन लेंग्थ" म्हणून टेबलमध्ये लिहू नका.

लाखो स्वीप केले, एरर बार एकदम बारीक आहे, तरी उत्तर सूत्राशी जुळत नाही.

एरर बार खोटा आहे. मेट्रोपोलिसमध्ये (एकेक स्पिन उलटवून बघायची साधी पद्धत) एका स्वीपनंतरची (प्रत्येक स्पिनला सरासरी एक संधी) स्थिती आधीच्या स्थितीची जवळजवळ नक्कलच असते, आणि प्रत्येक स्वीप स्वतंत्र नमुना म्हणून मोजला तर एकाच माणसाला शंभर वेळा विचारून शंभर जणांचं मत घेतलं म्हणण्यासारखं होतं. किती स्वीपनंतर स्थिती खरोखर नवी होते तो ऑटोकोरिलेशन टाइम, त्याला तौ म्हणू, आणि तुमच्याकडचे खरे नमुने म्हणजे एकूण स्वीप भागिले २ तौ.

मेट्रोपोलिसमध्ये हा तौ झायच्या साधारण २.१७ व्या घाताने वाढतो. म्हणजे झाय दुप्पट झाला की तौ साडेचार पट. त्यात २डी मध्ये लॅटिसचे स्पिनही चौपट, म्हणजे कॉम्प्युटरचा वेळ एकूण अठरा पट! टी = २.४ वरून २.३ वर जाताना झाय चौपट होतो, त्याचा हिशोब तुम्हीच करा आणि मग रात्रभर रन लावायचा की नाही ते ठरवा. आणि इथे वाईट गोष्ट अशी की सगळ्यात हळू बदलतात त्या लांब अंतराच्या गोष्टी, म्हणजे नेमका एस०, ज्यावर आपला झाय उभा आहे. ऊर्जेचा तौ बघून समाधान मानू नका, एस० चा तौ काढा.

मग क्लस्टर अल्गोरिदम वापरायलाच हवा का?

इझिंग, पॉट्स (स्पिनला दोनऐवजी क्यू पर्याय), एक्सवाय (स्पिन म्हणजे प्रतलातला बाण), हायझेनबर्ग (स्पिन म्हणजे ३डी मधला बाण) यातलं काही असेल आणि बाहेरचं मॅग्नेटिक फिल्ड नसेल तर हो, बिनधास्त. स्वेंडसेन आणि वांग यांनी १९८७ मध्ये एकाच दिशेचे शेजारी ठरावीक प्रॉबॅबिलिटीने जोडून अख्खे गट एकदम उलटवायची युक्ती दिली, उली वोल्फ यांनी १९८९ मध्ये त्यातला एकच गट वाढवून उलटवायचा सोपा प्रकार दिला आणि तो हायझेनबर्गसारख्या स्पिनलाही लावून दाखवला. इझिंगला जोडायची प्रॉबॅबिलिटी १ − एक्स्प(−२ × बीटा). कोड चाळीस-पन्नास ओळींचा होतो, टीसीवरसुद्धा तौ फारसा वाढत नाही. आठवडाभराचं काम चहा होईपर्यंत होतं.

मेट्रोपोलिस एकदा लिहून घ्या, दोन्हींची उत्तरं जुळवायला उपयोगी पडतं.

क्लस्टरमध्ये इम्प्रूव्हड एस्टिमेटर म्हणतात ते काय?

हे मला या सगळ्या विषयात सगळ्यात देखणं वाटतं. गट बांधून झाले की दोन स्पिनच्या गुणाकाराची सरासरी आणि "ते दोन स्पिन एकाच गटात असण्याची प्रॉबॅबिलिटी" या दोन गोष्टी नेमक्या सारख्या असतात. वेगवेगळ्या गटांतले स्पिन एकमेकांपासून स्वतंत्र उलटतात, त्यांचं योगदान सरासरीत शून्य होतं, मग ते मोजायचंच कशाला? साध्या मोजमापात +१ आणि −१ एकमेकांना कापत बसतात आणि नॉइज तयार होतो, इथे फक्त ० किंवा १ मिळतो. त्यामुळे लांबच्या आरला जी(आर) छोटा असला तरी त्याची एररही त्याच्याबरोबर छोटी होते आणि पठार पुष्कळ लांबपर्यंत स्वच्छ दिसतं.

वोल्फमध्ये तर अजून सोपं. प्रत्येक गटाचा आकार मोजा, त्याची सरासरी म्हणजे एस० भागिले स्पिनची संख्या. एस१ साठी त्या गटावरच्या कॉसची बेरीज आणि साइनची बेरीज काढून वर्ग मिळवा आणि गटाच्या आकाराने भागा. गट वाढवताना हे जाता जाताच होतं. टीसीच्या वर आणि एल ÷ झाय मोठं असताना याचा सगळ्यात जास्त फायदा होतो, म्हणजे वर टी = ३ ला जी अडचण सांगितली नेमकी तिथेच.

झायचा एरर बार कसा काढायचा? प्रत्येक कॉन्फिगरेशनचा झाय काढून सरासरी घेऊ का?

नको नको. झाय हा सरासऱ्यांच्या गुणोत्तराचा वर्गमूळ आहे, एका कॉन्फिगरेशनला झाय नसतोच, आणि काही ठिकाणी एस१ एस० पेक्षा मोठा येऊन मुळाखाली निगेटिव्ह येईल.

जॅकनाइफ करा. पूर्ण डेटा वीस ते पन्नास सलग तुकड्यांत कापा, प्रत्येक तुकडा तौच्या कितीतरी पट लांब हवा. मग एक तुकडा वगळून बाकीच्यांवरून एस०, एस१ आणि त्यावरून झाय काढा, असं प्रत्येक तुकडा वगळून. या झायच्या पसाऱ्यावरून एरर मिळते, पण सूत्रात (तुकडे − १) ने गुणायचं असतं ते विसरू नका. आणि एस० आणि एस१ ची एरर वेगवेगळी काढून वर्गाने मिळवू नका, दोन्ही एकाच कॉन्फिगरेशनमधून येतात आणि एकमेकांशी जोडलेले असतात.

जी(आर) च्या फिटलाही हेच लागू. शेजारच्या आरच्या किमती एकदम वर किंवा एकदम खाली सरकतात, म्हणून फिट केलेली रेषा सगळ्या बिंदूंमधून अगदी गुळगुळीत जाते आणि काय-स्क्वेअर संशयास्पद कमी येतो. त्यावरून फिट चांगला आहे असं काही सिद्ध होत नाही. पूर्ण फिट जॅकनाइफच्या आत घाला.

रँडम नंबर जनरेटर कुठलाही चालेल ना?

नाही. १९९२ मध्ये फेरनबर्ग, लँडाऊ आणि वाँग यांनी २डी इझिंगवर वोल्फ अल्गोरिदम चालवून उत्तरं अचूक किमतींशी ताडून बघितली, आणि त्या काळी दर्जेदार समजल्या जाणाऱ्या आर२५० या जनरेटरने एरर बारच्या खूप बाहेरची उत्तरं दिली. मेट्रोपोलिसमध्ये तोच जनरेटर एवढा त्रास देत नव्हता. म्हणजे चांगला अल्गोरिदम आणि चांगला जनरेटर यांची जोडी वाईट निघू शकते, आणि ते कळलं ते अचूक उत्तर हाताशी होतं म्हणूनच. आज मर्सेन ट्विस्टर किंवा पीसीजी घ्या, आणि शंका आली तर जनरेटर बदलून एकदा परत चालवा.

टीसीच्या खाली काय करायचं?

इथे सावध राहा. खाली मॅग्नेटायझेशन शून्य नसतं, म्हणून जी(आर) शून्याकडे न जाता एका स्थिर किमतीवर जाऊन थांबतो, ती वजा केल्यावर जे उरतं त्यातून झाय काढायचा. ही वजाबाकी दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या आकड्यांची असते, त्यामुळे नॉइज. शिवाय छोट्या लॅटिसवर मॅग्नेटायझेशन मधूनच वरून खाली पलटतं आणि सरासरी शून्याकडे जाते. मग लोक सरासरी एम ऐवजी एमच्या अॅब्सोल्युट किमतीची सरासरी वजा करतात, मोठ्या लॅटिसवर ते चालतं, टीसीला खेटून चालत नाही.

२डी इझिंगला सूत्र इथेही आहे: १ ÷ झाय = २ × (२ × बीटा + लॉग(टॅनएच(बीटा))). टीसीपासून सारख्याच अंतरावर खालचा झाय वरच्याच्या निम्मा येतो. पठार मात्र खूप सावकाश येतं, कारण रांगांच्या कोरिलेशनमध्ये एकच स्वच्छ एक्स्पोनेन्शियल नसून सलग पट्टाच असतो, आणि सेकंड मोमेंट झाय खऱ्यापेक्षा बराच वेगळा निघतो. सुरुवात करणाऱ्यांनी वरच्या बाजूलाच काम करावं.

न्यू एक्स्पोनंट (टीसीपासूनचं अंतर कमी होताना झाय कुठल्या घाताने वाढतो तो) काढायचाय, झायचा लॉग-लॉग प्लॉट काढला, उतार १ येत नाही.

दोन गोष्टी बघा. पहिली, टीसीपासून लांबचे बिंदू. २डी इझिंगला टीसीजवळ झाय साधारण १ ÷ (४ × (बीटासी − बीटा)) असतो (बीटासी म्हणजे १ ÷ टीसी), टी = २.४ ला यावरून १०.४ येतो, खरा १०.२३, म्हणजे तिथेही दोनेक टक्के फरक आहे आणि टी = ३ ला तर अजून जास्त. दुसरी, टीसीजवळचे बिंदू जिथे एल कमी पडलाय, तिथे झाय दाबला जातो आणि प्लॉट वाकतो. दोन्हीकडचे बिंदू गाळल्यावर मध्ये थोडेच उरतात. म्हणून न्यूसाठी बरेच जण सरळ टीसीवर जातात आणि झाय ÷ एल चा बीटाबरोबरचा उतार एलबरोबर कसा वाढतो ते बघतात, तो एलच्या (१ ÷ न्यू) व्या घाताने वाढतो. ३डी इझिंगचा न्यू ०.६३० आहे, त्याच्याशी ताडून बघा.

इझिंग झालं. पॉट्स, एक्सवाय, हायझेनबर्गला हेच सगळं चालतं?

पद्धती त्याच, स्वभाव वेगळे. २डी पॉट्समध्ये क्यू ४ पेक्षा जास्त असेल तर ट्रान्झिशन फर्स्ट ऑर्डर (एकदम उडी मारून होणारं) असतं आणि तिथे झाय अनंत होत नाही. त्याची अचूक किंमत माहीत आहे: ट्रान्झिशनवर डिसऑर्डर्ड बाजूने क्यू = १० ला १०.५६, आणि क्यू = ५ ला साधारण २५१२. हा दुसरा आकडा परत वाचा. क्यू = ५ चं पॉट्स २५६ च्या लॅटिसवर चालवलं तर ते हुबेहूब सेकंड ऑर्डरसारखं वागणार, आणि तुम्ही एक्स्पोनंट काढून मोकळे होणार. झाय एलपेक्षा दहापट मोठा आहे, सिस्टिमला फर्स्ट ऑर्डर असण्याची चाहूलसुद्धा लागलेली नाही.

२डी एक्सवायमध्ये कोस्टरलिट्झ-थाउलेस ट्रान्झिशन, टी साधारण ०.८९३ ला. तिथे झाय पॉवरने वाढत नाही, एक्स्प(बी ÷ √(ट्रान्झिशनपासून टीचं अंतर)) असा वाढतो (बी हा एक स्थिरांक), आणि ट्रान्झिशनच्या खाली सगळीकडे अनंतच असतो. म्हणून तिथे झाय ÷ एल च्या रेषा एका बिंदूत छेदत नाहीत, वरून येऊन खाली एकमेकींत मिसळतात. त्यात लॉगच्या दुरुस्त्या इतक्या हळू जातात की साध्या फिटवर विश्वास ठेवू नये.

२डी हायझेनबर्गला ट्रान्झिशनच नाही असं मानलं जातं, पण झाय साधारण एक्स्प(२π × बीटा) च्या वेगाने वाढतो. बीटा १.५ ला ११ च्या आसपास, १.८ ला ६५ च्या आसपास. फार मोठ्या झायसाठी तेवढा लॅटिस कोणीच घेऊ शकत नाही, मग युक्ती अशी की एल आणि २ एल वर झाय मोजायचा, त्यांचं गुणोत्तर झाय ÷ एल च्या एकाच वक्रावर पडतं, आणि त्या वक्रावर पायरीपायरीने चढत अनंत लॅटिसचा झाय काढायचा. कराचोलो, सोकल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या रस्त्याने हायझेनबर्गला एक लाखापर्यंतचा झाय काढला, ५१२ पर्यंतचेच लॅटिस वापरून.

स्पिन ग्लास (काही शेजारी सारख्या दिशेचे, काही उलट दिशेचे हवेत, तेही रँडम)?

तिथे साधा जी(आर) सरासरीत शून्यच होतो. बाँडची (शेजाऱ्यांमधल्या जोडण्यांची) एकच मांडणी घेऊन तिच्या दोन स्वतंत्र प्रती चालवा, त्यांच्या स्पिनचा जागच्या जागी गुणाकार करा, आणि त्या गुणाकाराला स्पिन समजून वरचंच सेकंड मोमेंट सूत्र लावा. क्लस्टर ३डी मध्ये कामाला येत नाहीत, पॅरलल टेम्परिंग (वेगवेगळ्या टेम्परेचरच्या प्रती एकत्र चालवून त्यांची अदलाबदल करणं) लागेल. आणि सरासरी शेकडो-हजारो वेगवेगळ्या बाँडच्या नमुन्यांवर घ्यावी लागते, जॅकनाइफचे तुकडेही त्या नमुन्यांचेच पाडायचे.

पायथॉनमध्ये जमेल का? आणि कोड बरोबर आहे हे सुरुवातीलाच कसं कळेल?

नुसत्या पायथॉनच्या लूपमध्ये नाही, नंबा (पायथॉनचा कोड वेगवान करणारी लायब्ररी) लावलंत तर १२८, २५६ पर्यंत लॅपटॉपवर आरामात जमतं, त्यापुढे सी किंवा फोर्ट्रान. सगळा जी(आर) हवा असेल तर दुहेरी लूप लावू नका, फुरिये ट्रान्सफॉर्म घ्या, वर्ग करा, उलटा ट्रान्सफॉर्म घ्या.

तपासायला ४ × ४ चा लॅटिस घ्या. त्याच्या एकूण स्थिती ६५५३६ च आहेत, सगळ्या एकामागोमाग मोजून एस०, एस१ आणि ऊर्जा अचूक काढता येते, सेकंदाचंही काम नाही. मग तोच लॅटिस, तेच टेम्परेचर मोंटे कार्लोने (रँडम नमुने घेणाऱ्या तुमच्या सिम्युलेशनने) चालवा आणि चौथ्या दशांशापर्यंत ताडून बघा. शेजारी मोजण्यातली चूक, बाँड दोनदा मोजणं, कॉसच्या कोनात एल ऐवजी एल − १ पडणं, हे सगळं इथेच पकडलं जातं. ते जुळलं की टी = २.५, एल = ६४ लावा आणि ५.९६ ची वाट बघा.